गावच्या जुन्या स्टॉक कार ट्रॅकचा इतिहास कसा शोधावा आणि कसा लिहावा

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात हिल्सबरो नावाचे जुने गाव आहे. गावाला लागून, ईनो नदीच्या काठी, पाइनच्या झाडीत एक रानवाट आहे. केरी, मॉरिसव्हिल, चॅपल हिल या भागांत राहणारी अनेक मराठी कुटुंबे सुटीच्या दिवशी या बाजूला फिरायला येतात. चालणाऱ्याला ही वाट आधी इतर वाटांसारखीच वाटते. पण थोडे पुढे गेल्यावर ती जरुरीपेक्षा फारच रुंद आहे, बराच वेळ एकाच दिशेने वळते आहे आणि वळणावर तिचा बाहेरचा काठ उचललेला आहे, हे पायांना आधी आणि डोळ्यांना नंतर जाणवते. हा ऑकोनीची स्पीडवे, म्हणजे मोटारशर्यतींचा जुना ट्रॅक. स्टॉक कार, म्हणजे कारखान्यात बनलेल्या नेहमीच्या मोटारी, यांच्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेने १९४९ साली आपल्या सर्वोच्च मालिकेचा पहिला हंगाम भरवला, त्यात अवघ्या आठ शर्यती होत्या, आणि त्यांतली तिसरी ७ ऑगस्ट १९४९ रोजी याच मातीवर झाली. त्या हंगामातील मातीच्या ट्रॅकपैकी आज टिकून राहिलेला एकमेव ट्रॅक म्हणून तो ओळखला जातो.

असे ट्रॅक अमेरिकेच्या आग्नेय भागात गावोगाव होते. बरेचसे शेतात, वसाहतींत आणि दुकानांच्या वाहनतळांखाली गडप झाले आहेत. आपण राहतो त्या गावाजवळ असा ट्रॅक असेल तर त्याचा इतिहास कोणीही चिकाटीचा माणूस लिहू शकतो. त्यासाठी मोटारशर्यतींचा जाणकार असण्याची गरज नाही. कागद नीट वाचण्याची सवय आणि लोकांचे ऐकून घेण्याची तयारी एवढे पुरते. विजेत्यांची यादी म्हणजे ट्रॅकचा इतिहास नव्हे, हे मात्र पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे. यादी आज कुठेही सापडते. ही जमीन कोणाची होती, ती शर्यतीला का दिली गेली, पैसा कोणी घातला, शेजाऱ्यांना काय वाटले आणि एका वर्षी सगळे का थांबले, हे मात्र त्या गावात बसूनच शोधावे लागते, आणि ज्या पिढीला ते आठवते ती आता थकली आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी

ग्रंथालयात जाण्याआधी ट्रॅकवर जावे. जागा खाजगी असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्यावी. झाडांची पाने गळून दूरवरचे दिसू लागते, त्यामुळे हिवाळ्याचे दिवस यासाठी सर्वांत चांगले. सोबत वही, मोजपट्टी आणि साधा फोन पुरतो. पहिल्या फेरीत फक्त चालावे. दुसऱ्या फेरीत वळणाचा उतार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, प्रेक्षकांच्या पायऱ्या कोणत्या बाजूला आहेत, गाड्या आत कुठून येत असाव्यात, पाणी कुठे साचते, हे वहीत नकाशा काढून टिपावे. हिल्सबरोला टेकडीच्या अंगाला काँक्रीटच्या पायऱ्या अजून दिसतात. त्यांच्यावर पाइनच्या सुया आणि शेवाळ साचले आहे, समोरच्या सरळ पट्ट्यावर पन्नास-साठ फुटी झाडे उभी आहेत. पायरीवर बसून पाहिले की जागेची निवड कशी झाली हे समजते: टेकडीचा उतार आयता मिळाल्यामुळे बसण्याची सोय कमी खर्चात झाली आणि मागची सपाटी थेट नदीपर्यंत मोकळी मिळाली.

झाडेही कागदपत्रांइतकीच उपयोगी पडतात. या ट्रॅकवर शेवटची मोठी शर्यत १५ सप्टेंबर १९६८ रोजी झाली, म्हणून पट्ट्याच्या मधोमध उभे असलेले कोणतेही झाड त्याहून जुने असू शकत नाही. वादळात पडलेले एखादे झाड वाटेवरून हटवण्यासाठी करवतीने कापलेले दिसले, तर त्या कापावरची वर्तुळे मोजावीत. बंद पडल्याची तारीख ठाऊक नसलेल्या ट्रॅकच्या बाबतीत हा अंदाज फार मोलाचा ठरतो. उभ्या झाडाला मात्र हात लावू नये, आणि जमिनीतून सापडलेला लोखंडाचा तुकडा किंवा बाटली खिशात घालू नये. फोटो काढून, जागा नोंदवून, ती वस्तू तिथेच राहू द्यावी.

ट्रॅकची लांबी स्वतः मोजावी. हे काम क्षुल्लक वाटते, पण त्यातून जुन्या कागदांची परीक्षा होते. ऑकोनीचीची लांबी सुरुवातीच्या नोंदींत एक मैल आणि नंतरच्या नोंदींत ०.९ मैल दिलेली आढळते. फरक ०.१ मैलाचा, म्हणजे सुमारे १६० मीटरचा आहे. कोणी म्हणेल की एकाने आतल्या काठावर मोजले आणि दुसऱ्याने बाहेरच्या. हे गणिताने तपासता येते: बंद ट्रॅकवर मोजण्याची रेषा दहा मीटर बाहेर सरकवली तर पूर्ण फेरीत सुमारे ६३ मीटरच वाढतात. म्हणजे १६० मीटर वाढण्यासाठी रेषा जवळपास पंचवीस मीटर बाहेर न्यावी लागेल, आणि तेवढी रुंदी अशा मातीच्या ट्रॅकला नसते. तेव्हा ‘एक मैल’ हा आकडा जाहिरातीला शोभेल असा गोळाबेरीज केलेला असण्याचा संभव अधिक. इतिहासात दोन्ही आकडे द्यावेत, आपले मोजमाप द्यावे आणि ते कोणत्या रेषेवर केले तेही लिहावे.

जमिनीचा उतार कधी कधी पैशाची गोष्ट सांगतो. याच राज्याच्या पश्चिमेला, विल्क्स काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग), नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवे आहे. इनॉक स्टेली आणि त्यांच्या भागीदारांनी तो १९४७ मध्ये सुरू केला. जमीन सपाट करता करता पैसे संपले, म्हणून पुढचा सरळ पट्टा उताराचा आणि मागचा चढाचा तसाच राहिला, आणि पुढे तेच त्या ट्रॅकचे वैशिष्ट्य ठरले. दस्तऐवज एकही न वाचता, केवळ त्या पट्ट्यावर उभे राहून, बांधणाऱ्यांच्या तिजोरीत किती होते याचा अंदाज येतो.

खरेदीखते आणि नकाशे

आपल्याकडे जसे दुय्यम निबंधकाचे कार्यालय, तसे इथे प्रत्येक काउंटीच्या मुख्य गावी दस्त नोंदणीचे कार्यालय असते. तिथली खरेदीखते कोणालाही पाहता येतात. शोधण्याची पद्धत सोपी आहे, फक्त धीर लागतो. आजच्या मालकाचे नाव काउंटीच्या कर-नकाशावरून काढावे, त्याचे खरेदीखत वाचावे, त्यात आधीच्या खताचा पुस्तक क्रमांक आणि पान क्रमांक दिलेला असतो, त्यावरून मागचे खत काढावे, आणि असे एकेक पाऊल मागे जात ट्रॅक सुरू होण्याच्या आधीपर्यंत पोहोचावे. सातबाऱ्यावरच्या फेरफारांच्या नोंदी मागे मागे लावत गेल्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे काम मुळीच परके वाटणार नाही. विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन वेगळ्या सूची असतात. साखळी एका सूचीत तुटली तर दुसरीत सापडते. भाडेपट्टे आणि कर्जाची गहाणखतेही पाहावीत, कारण पुष्कळ ट्रॅक भाड्याच्या जमिनीवर होते आणि कर्ज कोणी दिले यावरून गावातले वजनदार लोक शर्यतीच्या बाजूने होते की नाही हे कळते.

हिल्सबरोच्या जमिनीची पूर्वकथा तर ट्रॅकपेक्षाही लांब आहे. डरहमचे तंबाखू कारखानदार जुलियन कार यांचे ऑकोनीची फार्म इथे होते आणि त्यात घोड्यांच्या शर्यतींसाठी अर्ध्या मैलाचा ट्रॅक होता. फार्मचे नाव आले ते ईनोकाठी राहणाऱ्या ऑकानीची या मूळ रहिवाशांवरून; जॉन लॉसन या प्रवाशाने १७०१ मध्ये त्यांच्या गावाला भेट दिली होती. नॅसकारचे संस्थापक बिल फ्रान्स हे विमान चालवत असताना वरून तो घोड्यांचा ट्रॅक आणि भोवतालची मोकळी जमीन त्यांच्या नजरेस पडली, असे सांगितले जाते. ही हकिकत सुंदर आहे आणि खरीही असू शकेल, पण ती लिहिताना ‘असे सांगितले जाते’ हे तीन शब्द गाळू नयेत. एका नावाखाली मूळ रहिवासी, तंबाखूचा पैसा, घोडे आणि मोटारी असे चार थर आहेत. पहिला थर सोडून थेट मोटारींपासून सुरुवात केली, तर नावाचा अर्थच वाचकाला कळणार नाही.

हवाई छायाचित्रे हे या कामातले सर्वांत समाधान देणारे साधन आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३० च्या दशकापासून शेतजमिनींची हवाई छायाचित्रे घेतली आणि नॉर्थ कॅरोलायनाची अशी अनेक छायाचित्रे चॅपल हिल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर खुली केली आहेत. एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवली की आधी शेत, मग लंबगोल पांढरी रेघ, मग तिच्याभोवती वाहनांच्या वाटा, आणि शेवटी रेघेवर पसरत गेलेली हिरवळ असा क्रम समोर येतो. सरकारी भूमापन विभागाच्या जुन्या नकाशांवरही असे ट्रॅक नावानिशी किंवा नुसत्या लंबगोलाने दाखवलेले असतात. दोन छायाचित्रांच्या तारखांमध्ये ट्रॅक बांधला गेला एवढे जरी ठरले, तरी वृत्तपत्रे चाळण्याचे वर्षांचे काम महिन्यांवर येते.

वृत्तपत्रे वाचण्याची रीत

गावच्या साप्ताहिकाला पर्याय नाही. मोठ्या शहरी दैनिकाने शर्यतीचा निकाल दोन ओळींत दिलेला असतो. साप्ताहिकात तिकिटाचा दर, धुळीची तक्रार, रस्त्यावरची कोंडी आणि चर्चमधील प्रवचनाचा विषय हे सगळे येते. नॉर्थ कॅरोलायनातील अनेक जुनी स्थानिक वृत्तपत्रे ‘डिजिटल एनसी’ या संग्रहात पानानिशी उपलब्ध आहेत, उरलेली काउंटीच्या ग्रंथालयात सूक्ष्मपटांवर (मायक्रोफिल्मवर) पाहता येतात.

शब्द टाकून शोध घेण्यापूर्वी गावाच्या आणि ट्रॅकच्या नावांची सगळी रूपे लिहून काढावीत. हिल्सबरोचे शब्दलेखन दीर्घकाळ शेवटची ‘यूजीएच’ ही अक्षरे गाळून केले जात होते. जुने लांब रूप १९६५ मध्ये पुन्हा अधिकृत झाले. ट्रॅकचे नावही १९५० च्या दशकात बदलून ऑरेंज स्पीडवे झाले, कारण काउंटीचे नाव ऑरेंज आहे. मी आरंभी आजच्या शब्दलेखनाने शोधत राहिलो आणि अख्खा शनिवार हाती काही न लागता गेला. जुने रूप टाकताच पानेच्या पाने समोर आली. शिवाय यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरे चुकतात, म्हणून महत्त्वाच्या आठवड्यांचे अंक शब्दशोधावर न सोडता स्वतः उलटून पाहावेत.

जाहिरात आणि बातमी यांत भेद करावा. जाहिरात म्हणजे काय ठरले होते, आणि बातमी म्हणजे काय घडले. पावसामुळे पुढे ढकललेल्या शर्यती केवळ जाहिरातीवरून झाल्या असे धरून लिहिलेले कित्येक लेख सापडतात. प्रेक्षकांचे पूर्णांकी आकडे आयोजकांनी सांगितलेले असतात, तेव्हा ते ‘आयोजकांच्या म्हणण्यानुसार’ एवढ्या जोडीनेच वापरावेत. त्या काळी दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे होते, म्हणून गोऱ्या समाजाच्या वृत्तपत्रांबरोबर कृष्णवर्णीय समाजाचीही वृत्तपत्रे पाहावीत. डरहमच्या ‘कॅरोलायना टाइम्स’चे जुने अंक वाचायला मिळतात. एका बाजूने जे लिहिलेच गेले नाही, ते दुसऱ्या बाजूला दोन ओळींत का होईना सापडण्याची शक्यता असते, आणि दोन्हीकडे काही नसेल तर तेही नोंदवण्यासारखे आहे.

निकालाच्या ओळीवर किती विश्वास ठेवावा

नॅसकारच्या मालिकांचे निकाल आज संगणकावर चुटकीसरशी मिळतात आणि त्यांचा उपयोग जरूर करावा. पण त्यांच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. पहिली मर्यादा अशी की ही कोष्टके बहुधा सर्वोच्च मालिकेची असतात आणि ती मालिका १९४९ मध्ये सुरू झाली. हिल्सबरोला शर्यती १९४८ मध्येच सुरू झाल्या होत्या, तेव्हा नवीकोरी, बदल न केलेली गाडी चालवण्याची मालिका नव्हतीच. फेरफार केलेल्या जुन्या गाड्या, ज्यांना ‘मॉडिफाइड’ म्हणत, त्या धावत. शिवाय दर आठवड्याच्या स्थानिक शर्यती, ज्यांवर बहुतेक ट्रॅकचे पोट चालत असे, त्या या कोष्टकांत क्वचितच येतात. ज्या ट्रॅकवर मोठी मालिका वर्षातून एकदा-दोनदाच आली, त्याचा इतिहास केवळ त्या दोन दिवसांवर लिहिणे म्हणजे एखाद्या गावाचा इतिहास फक्त जत्रेच्या दिवसावरून लिहिण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या पडताळणीची. १९६८ ची ती शेवटची शर्यत ‘हिल्सबरो १५०’ या नावाने नोंदलेली आहे आणि फेऱ्या १६७ आहेत. नवख्याला ही विसंगती वाटते. १६७ ला ०.९ ने गुणले की १५०.३ येतात, म्हणजे १५० हा आकडा मैलांचा आहे. हा साधा गुणाकार प्रत्येक शर्यतीला लावून पाहावा. जिथे उत्तर जुळत नाही तिथे शर्यत पावसाने अर्धवट थांबली असेल, ट्रॅकची लांबी बदलली असेल किंवा नोंदच चुकली असेल, आणि तिन्ही शक्यता शोधण्यासारख्या आहेत. ती शर्यत रिचर्ड पेटी यांनी जिंकली.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे विजेता कोण, हेच नेहमी पक्के नसते. त्या काळी फेऱ्या माणसे मोजत. प्रत्येक गाडीसाठी एक मोजणारा बसे, घड्याळ पाहून दर फेरीची वेळ कार्डावर लिही, आणि शर्यत संपल्यावर कार्डे जुळवली जात. धुळीत गाडीचा क्रमांक दिसला नाही, की एक फेरी निसटे. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे वेंडेल स्कॉट हे कृष्णवर्णीय चालक प्रत्यक्षात पुढे असताना विजयाचा झेंडा बक बेकर यांना दाखवण्यात आला. प्रेक्षक घरी गेल्यावर, काही तासांनी, स्कॉट यांचा विजय मान्य झाला. सर्वोच्च मालिकेत जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय चालक होते, पण त्या मैदानावर, त्या गर्दीसमोर त्यांच्या हाती करंडक आला नाही. त्यांच्या कुटुंबाला तो २०२१ मध्ये मिळाला. स्कॉट १९९० मध्येच गेले होते. कोष्टकात आज त्यांचे नाव आहे, आणि ते बरोबर आहे. परंतु केवळ कोष्टक पाहणाऱ्याला त्या दिवसाचा अन्याय कळणार नाही. म्हणून मोठ्या शर्यतीचा निकाल लिहिताना दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र आणि पुढच्या आठवड्याचे वृत्तपत्र दोन्ही उघडावे.

निकाल कागदावर खूप उशिराही बदलतो. विन्स्टन-सेलममधील बोमन ग्रे स्टेडियमच्या पाव मैलाच्या ट्रॅकवर ६ ऑगस्ट १९७१ रोजी बॉबी ॲलिसन फोर्ड मस्टँग चालवत पहिले आले, पण ती गाडी दुसऱ्या वर्गातली असल्यामुळे तो विजय त्यांच्या खात्यात धरला गेला नव्हता. नॅसकारने तो २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, त्रेपन्न वर्षांनी, मान्य केला. उलट १९९० च्या एप्रिलमध्ये नॉर्थ विल्क्सबरोला ब्रेट बोडीन यांना मिळालेला विजय फेऱ्यांच्या गोंधळामुळे वादग्रस्त ठरला, तरी अधिकृत नोंदीत तो त्यांचाच आहे. अशा ठिकाणी न्यायाधीश होऊ नये. अधिकृत निकाल द्यावा, वाद काय होता ते सांगावे, आणि कोणाचे म्हणणे कशावर उभे होते ते वाचकापुढे ठेवावे.

न्यायालयाचे कागदही विसरू नयेत. १९ जून १९४९ ला शार्लटला झालेल्या पहिल्याच शर्यतीत ग्लेन डनवे पहिले आले, पण गाडीच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार आढळल्याने ते बाद ठरले आणि विजय कॅन्ससच्या जिम रोपर यांना मिळाला. गाडीच्या मालकाने नॅसकारवर दहा हजार डॉलरचा दावा लावला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. शर्यत घेणारी संस्था आपले नियम चालवू शकते, हे त्या निकालाने ठरून गेले. गावच्या ट्रॅकवरही अपघाताचे, थकलेल्या बिलांचे, धुळीचे दावे झालेले असतात आणि त्यांतील साक्षींमध्ये जो तपशील मिळतो तो इतरत्र कुठेही मिळत नाही.

माणसांना भेटताना

माणसांकडे जाताना ‘सगळ्यांत मोठी शर्यत कोणती आठवते?’ असे विचारू नये. त्यावर ऐकीव, घासून गुळगुळीत झालेली गोष्ट मिळते. ‘तुम्ही त्या दिवशी कुठे बसला होता? डबा काय नेला होता? घरी परतल्यावर कपड्यांचे काय केले?’ असे विचारावे. कॅरोलायनाची माती तांबडी आहे, आपल्या कोकणातल्यासारखी; शर्यतीनंतर ती कानात, केसांत आणि शर्टाच्या शिवणीत बसे, आणि त्या धुण्याची गोष्ट सांगताना जुन्या बायका चालकांची नावे, गाड्यांचे रंग आणि त्या वर्षीचा पाऊस असे सगळे सांगून जातात. फक्त चालकांना शोधत बसू नये. फेऱ्या मोजणाऱ्या, तिकिटे फाडणारे, खाद्यपदार्थांची टपरी चालवणारे, ट्रॅकवर पाणी मारणारे, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, शेजारचा शेतकरी, ही मंडळी अधिक पाहतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. पहिल्या शार्लटच्या शर्यतीत सारा क्रिश्चन या महिला चालक उतरल्या होत्या. तेव्हा बायका फक्त प्रेक्षकांत होत्या असे गृहीत धरून प्रश्न आखू नयेत.

भेटीला जुने छायाचित्र किंवा हवाई चित्राची मोठी प्रत न्यावी आणि ती टेबलावर पसरून ठेवावी. बोट आपोआप चित्रावर जाते आणि आठवण जागेला चिकटून येते. ध्वनिमुद्रणाची लेखी संमती आधी घ्यावी. मध्ये बोलू नये. उच्चार समजला नाही तर नाव लिहून दाखवण्याची विनंती करावी, कारण आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला दक्षिणेतला हेल पहिल्या वेळी पकडता येत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. माझा अनुभव असा की बाहेरचा माणूस असणे इथे उपयोगीच पडते: शेजाऱ्याला जे ठाऊक आहे असे धरून सांगितले जात नाही, ते आपल्याला पहिल्यापासून समजावून सांगतात.

हातभट्टीचा विषय निघणारच. विल्क्स काउंटी या धंद्यासाठी प्रसिद्ध होती आणि दारू वाहणाऱ्या वेगवान गाड्यांमधूनच स्टॉक कार शर्यत जन्मली, असे सर्रास सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण प्रत्येक ट्रॅकला ही गोष्ट चिकटवू नये. इथे नाव घेऊन बोलावे तर पुरावा हवा. शर्यतीचे चालक जुनियर जॉन्सन यांच्या बाबतीत तो आहे: १९५६ मध्ये ते वडिलांच्या भट्टीवर पकडले गेले, ओहायोतील चिलिकॉथी येथील संघीय तुरुंगात अकरा महिने राहिले, आणि १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली. रस्त्यावर गाडी चालवताना आपण कधीच सापडलो नाही, असे ते अभिमानाने सांगत. हे त्यांचे सांगणे म्हणून द्यावे. नॉर्थ विल्क्सबरोला २०२४ मध्ये प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली सुमारे सातशे चौरस फुटांची पोकळी सापडली आणि ती दारूची भट्टी असावी अशी चर्चा झाली. पोकळी सापडली, हे सत्य आहे. तिचा उपयोग काय होता, हे वेगळ्या पुराव्याचे काम आहे. एखाद्या सामान्य घरातल्या आजोबांबद्दल असे काही ऐकले, तर घरच्यांच्या संमतीशिवाय नाव छापू नये.

अशक्य वाटणारी गोष्ट खोटीच असते असेही नाही. टिम फ्लॉक या चालकाने १९५३ मध्ये जॉको फ्लॉको नावाचे माकड शेजारी बसवून शर्यती धावल्या आणि हिकरीच्या ट्रॅकवर एक जिंकलीही. हे छायाचित्रांनिशी सिद्ध आहे. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर वीस वर्षांपूर्वीच्या बारीचे सेकंद आणि बैलांची नावे सांगणारे म्हातारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अशा स्मरणाची ताकद ठाऊक आहे. तिथे मे २०१४ च्या बंदीपासून डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत घाट ओस पडले होते, आणि त्या साडेसात वर्षांच्या आठवणीही आताच लिहून घेण्यासारख्या आहेत. पद्धत हीच लागू पडते.

बंद का पडला, हे एका वाक्यात लिहू नये

हिल्सबरोबद्दल सहसा असे सांगतात की रविवारच्या शर्यतींना स्थानिक धर्मोपदेशकांनी विरोध केला, म्हणून बिल फ्रान्स यांनी इथून पाय काढला आणि अलाबामात टॅलाडेगा हा नवा ट्रॅक उभारला. विरोध होता आणि टॅलाडेगा १९६९ मध्ये सुरू झाले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्याच वीस वर्षांत डार्लिंग्टन १९५० मध्ये, डेटोना १९५९ मध्ये, शार्लट आणि अटलांटा १९६० मध्ये, रॉकिंगहॅम १९६५ मध्ये असे मोठे डांबरी ट्रॅक उभे राहिले आणि प्रेक्षक, बक्षिसे, दूरचित्रवाणी सगळे तिकडे वळत गेले. १९७१ मध्ये मालिकेत ४८ शर्यती होत्या, १९७२ मध्ये ३१ उरल्या. सर्वोच्च मालिकेची शेवटची मातीवरची शर्यत त्याआधी, ३० सप्टेंबर १९७० रोजी रॅलेला झाली होती आणि मग २०२१ पर्यंत मातीवर मालिका परतली नाही. या प्रवाहात हिल्सबरोचा ट्रॅक धर्मोपदेशक गप्प बसले असते तरी किती टिकला असता, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारलाच पाहिजे. माझ्या मते विरोधाने घाव घातला, पण झाड आधीच वठत चालले होते.

नॉर्थ विल्क्सबरोचे बंद पडणे अगदी वेगळे होते. तिथे गर्दी होती. इनॉक स्टेली १९९५ मध्ये वारले, ट्रॅकचा अर्धा-अर्धा हिस्सा ब्रुटन स्मिथ आणि बॉब बार या दुसऱ्या ट्रॅकांच्या मालकांकडे गेला, आणि त्यांना हव्या होत्या त्या मालिकेच्या कॅलेंडरमधल्या, या ट्रॅकला मिळालेल्या शर्यतींच्या दोन तारखा. २९ सप्टेंबर १९९६ ची शेवटची शर्यत जेफ गॉर्डन यांनी जिंकली. पुढच्या वर्षी एक तारीख टेक्ससच्या आणि एक न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकला गेली. म्हणून कोणत्याही ट्रॅकबाबत जमीन कोणाची, ट्रॅक चालवणारे कोण आणि शर्यतीची तारीख कोणाच्या हातात, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. हाच ट्रॅक पुढे सरकारी निधी मिळून दुरुस्त झाला, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे पुन्हा गाड्या धावल्या आणि मे २०२३ मध्ये नॅसकारची निवडक चालकांची ऑल-स्टार शर्यत झाली. तेव्हा बंद ट्रॅकविषयी ‘कायमचा’ हा शब्द वापरताना हात आवरावा.

लिहिताना आणि लिहून झाल्यावर

मांडणी शक्यतो काळानुसार ठेवावी, पण प्रत्येक वर्षाला सारखी जागा देऊ नये. बांधणीचे वर्ष, पहिला हंगाम, एखादा मोठा अपघात किंवा वाद आणि शेवटचे वर्ष यांना हवी तेवढी पाने द्यावीत. मधल्या शांत वर्षांना एक परिच्छेद पुरतो. गाडीचे वर्ष आणि बनावट, फेऱ्या, अंतर ही माहिती कोष्टकात टाकावी, म्हणजे कथनाचा ओघ तुटत नाही. प्रत्येक विधान कशावरून केले, याची खूण आपल्या वहीत तरी असलीच पाहिजे.

मसुदा तयार झाला की तो छापण्याआधी गावातल्या दोन-तीन जुन्या माणसांना वाचून दाखवावा आणि त्यांच्या दुरुस्त्या तारखेसह लिहून घ्याव्यात. ट्रॅक महत्त्वाचा आणि बराचसा शाबूत असेल, तर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीसाठी राज्याच्या जतन कार्यालयाशी बोलावे. ऑकोनीचीचे नाव त्या यादीत २००२ मध्ये लागले आणि आज त्या ४४ एकरांवर कोणीही चालत जाऊ शकते. मुलाखतींची ध्वनिफीत, तिचे लेखी रूप आणि संमतिपत्र यांची एक प्रत काउंटीच्या ग्रंथालयात आणि एक विद्यापीठात ठेवावी. चॅपल हिल विद्यापीठात १९७३ पासून दक्षिणेतील मौखिक इतिहासाचा संग्रह चालतो आणि ॲपलाचियन स्टेट विद्यापीठात स्टॉक कार शर्यतींचा स्वतंत्र संग्रह आहे. लोकांनी दिलेली जुनी छायाचित्रे प्रत काढून त्यांना लगेच परत करावीत, आणि परत करण्यापूर्वी त्यांच्यासमोर बसून प्रत्येक प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावे: डावीकडून कोण उभे आहे, गाडीचा क्रमांक काय, वर्ष कोणते, आणि हे कोणी सांगितले.